श्रावणात ऑर्किडची मुळं दरवर्षी का कुजतात? कुंडीतलं मिश्रण कसं तपासायचं, कसं बदलायचं

जुलैच्या अखेरीपासून गणपतीपर्यंत माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचा फोटो वेगवेगळ्या घरांतून येत राहतो. फॅलेनॉप्सिसची, म्हणजे घरोघरी दिसणाऱ्या रुंद पानांच्या ऑर्किडची, खालची दोन पानं मऊ पडलेली, त्यांवर उभ्या सुरकुत्या, आणि कुंडी मात्र ओलीगच्च. प्रश्नही ठरलेला: "पाणी तर रोज घालतेय, तरी पानं का सुकतात?" ज्यांच्याकडे गेल्या वर्षी हे झालं त्यांच्याकडेच याही वर्षी होतं, नवं रोप आणलं तरी होतं. म्हणजे खोट रोपात नाही. ठाण्यात माझ्या गॅलरीत पहिली तीन वर्षं हेच चाललं होतं आणि त्यात पाच रोपं गेली. त्यातलं एक पांढऱ्या फुलांचं, आईच्या साठीला आणलेलं. ते गेल्याची हळहळ मला अजून आहे, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी निदान करू.

पान सुरकुतलं याचा अर्थ एवढाच, की पानापर्यंत पाणी पोचत नाहीये. कुंडी कोरडी असेल तर पाणीच नाही म्हणून पोचत नाही. कुंडी ओली असेल तर पाणी ओढायला मुळंच उरली नाहीत म्हणून पोचत नाही. वरून बघताना दोन्ही रोपं सारखीच दिसतात, आणि घात इथेच होतो. आपण पान बघतो, कळवळून आणखी पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळंही जातात.

म्हणून रोप कुंडीतून बाहेर काढा. हात कचरतो हे मला माहीत आहे, पण नीट काढलं तर ऑर्किडला यानं काही होत नाही. प्लॅस्टिकची कुंडी असेल तर बाजूंनी दाबून सैल करा, एका हातानं रोपाचा बुंधा धरा आणि कुंडी खाली ओढा. आता एकेक मूळ चिमटीत धरून दाबून बघा. चांगलं मूळ कोवळ्या गवारीसारखं भरीव लागतं. कुजलेलं मूळ दाबलं की पचकन पाणी सुटतं, आणि जरा ओढलं की नाडीवरून नेफा सरकावा तसा बाहेरचा थर सरकून हातात येतो, आत नुसती दोऱ्यासारखी शीर लोंबत राहते. वास घ्या. साचलेल्या गाळासारखा वास आला तर शंकाच नको.

रंगावर जाऊ नका. नारळाच्या सोडणात वाढलेली मुळं तपकिरी होतात, कोळशाजवळची काळपट दिसतात, आणि तरी आतून ठणठणीत असतात. मी पहिल्या वर्षी "काळी दिसताहेत" म्हणून चांगली मुळं कापून टाकली होती. दाबून बघितल्याशिवाय एकही मूळ कापायचं नाही.

आंब्यावरची सीतेची वेणी

चिपळूणजवळ माझ्या मावशीच्या परसात एक जुना रायवळ आंबा आहे आणि त्याच्या बेचक्यात सीतेची वेणी आहे. आपल्या सह्याद्रीतली ही आमरी, म्हणजे ऑर्किडच. आसामात तिला कोपौ फूल म्हणतात आणि ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. मे-जूनमध्ये तिला पांढऱ्या-गुलाबी फुलांचे वीत-दीड वीत लांब गजरे लोंबतात. शेजारच्या काकांनी एकदा बांडगूळ समजून ती छाटायला कोयता काढला होता, मावशीनं थांबवलं. बांडगूळ झाडाच्या आत शिरून रस ओढतं, आमरी सालीला नुसती धरून राहते. झाडाचं ती काही घेत नाही.

एका जुलैत मी तिथे होते. तीन दिवस पाऊस खळला नव्हता. मी मावशीला म्हटलं, "माझ्या कुंडीवर मी पावसाचा थेंब पडू देत नाही तरी मुळं कुजतात, आणि ही तीन दिवस भिजतेय. हिला काहीच कसं होत नाही?"

ती पडवीत भांडी विसळत होती. तिथूनच म्हणाली, "अगो, तिच्या मुळांभोवती कुजायला घातलंय काय कोणी?"

दुपारी जरा उघडीप मिळाली तेव्हा स्टुलावर चढून पाहिलं. पावसानं हिरवीगार दिसणारी मुळं वारा लागला तशी बघता बघता चंदेरी होत होती. आधी सालीपासून सुटून लोंबणारी, मग सालीवर पसरलेली. तासाभरात बहुतेक सगळी चंदेरी झाली. नुसती सालीला चिकटलेली कड तेवढी हिरवी राहिली होती.

या रंगबदलात सगळी गोम आहे. ऑर्किडच्या मुळावर मृत पेशींचा एक पांढरट स्पंजासारखा थर असतो, त्याला वेलामेन म्हणतात. पाणी लागलं की तो टिपकागदासारखं ते शोषून घेतो आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. सुकला की त्या पेशींत हवा भरते आणि मूळ चंदेरी दिसतं. भिजणं आणि सुकणं, भिजणं आणि सुकणं, अशा फेऱ्यांसाठी हे मूळ घडलंय. फॅलेनॉप्सिसही मूळची आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतल्या झाडांवरचीच. पावसाचं तिला वावडं नाही. तिला वावडं आहे ते न हलणाऱ्या ओलीचं. मुळाला प्राणवायू लागतो आणि पाणी भरलेल्या जागेतून तो हवेतल्यापेक्षा साधारण १०,००० पट हळू सरकतो. मिश्रणातल्या फटी पाण्यानं भरल्या की मूळ आधी गुदमरतं, आणि मग मेलेल्या भागावर बुरशी चढते. बुरशी मागून येते. म्हणूनच नुसतं बुरशीनाशक फवारून हा त्रास थांबत नाही, दोन महिन्यांनी पुन्हा तेच होतं.

तेव्हा ऑर्किडचं मिश्रण निवडताना "यात पोषण किती" हा प्रश्न बाजूला ठेवा. मिश्रणाचं काम रोपाला धरून ठेवणं, थोडी ओल देणं आणि भरपूर हवा खेळू देणं, एवढंच. खत आपण पाण्यातून देणार आहोत. आणि आमच्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी मिश्रण नेहमी पावसाळ्याच्या हिशेबानं भरावं. उन्हाळ्यात ते लवकर सुकलं तर जास्त वेळा पाणी घालून भागतं. पावसाळ्यात जे सुकत नाही ते सुकवायला मात्र तुमच्या हातात काहीच नसतं.

रोपाच्या पोटात लपलेला गोळा

नर्सरीतून किंवा प्रदर्शनातून आणलेलं रोप फुलांसकट घरी येतं, दोन-तीन महिने छान दिसतं आणि पहिल्याच पावसाळ्यात बसतं. ते बाहेर काढून बघाल तर बहुतेक वेळा कडेनं सालीचे तुकडे किंवा सोडण असतं आणि मधोमध, अगदी बुंध्याखाली, स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या सुक्या शेवाळाचा, घट्ट दाबलेला गोळा असतो. कधी मॉसऐवजी कोकोपीट, कधी स्पंजाचा तुकडा, आणि कधी त्यावर प्लॅस्टिकची बारीक जाळी. लहानपणी रोप त्यात वाढवलेलं असतं आणि मोठ्या कुंडीत लावताना तो गोळा तसाच ठेवतात. व्यापारी हरितगृहात तापमान, वारा, पाणी सगळं मोजून दिलेलं असतं, तिथे हे चालून जातं. आपल्या गॅलरीत जुलैमध्ये वरचे तुकडे कोरडे दिसतात, बोट घातलं तरी कोरडे लागतात, आणि आतला गोळा पंधरा-पंधरा दिवस पिळून पाणी निघेल इतका ओला राहतो.

माझी पहिली दोन रोपं याच गोळ्यानं गेली. बाहेरचं मिश्रण मी बदललं होतं, गोळा तसाच ठेवला होता, कारण तो सोडवताना मुळं तुटतील अशी भीती वाटली. आता मी आणलेलं प्रत्येक रोप, फुलं उतरली की, त्या गोळ्यातून सोडवते. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचं, मग बांबूच्या काडीनं आतून बाहेर असं हळूहळू मॉस उकलायचं. जाळी असेल तर कात्रीनं उभी चिरायची. चार मुळं मोडली तर मोडू द्या, ती भरून निघतात.

कशात काय आहे

कोकणपट्टीत राहणाऱ्यांना सगळ्यात सहज मिळतं ते नारळाचं सोडण. पूर्वी बंबात जायचं, आता देवळाबाहेर ढीग पडलेले असतात. ते चांगलं आहे, मी वापरते, पण सोडण आणून कुंडीत टाकलं असं करून चालत नाही. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात, समुद्राकाठच्या माडाच्या सोडणात तर जास्तच. क्षारांनी मुळाची कोवळी टोकं काळी पडून जळतात आणि आपण म्हणतो बुरशी आली. पूर्ण पिकलेल्या सुक्या नारळाचं सोडण घ्या, शहाळ्याचं नको, ते लवकर सडतं. रात्रभर भिजवलं की कोयत्यानं कापायला सोपं जातं. साधारण दोन सेंटिमीटरचे तुकडे करा आणि चाळणीत घोळून भुसा झाडून टाका. तो भुसा म्हणजेच कोकोपीट, आणि कुंडीच्या फटी बुजवतो तोच. मग तुकडे पाण्यात बुडवून ठेवा, २४ तासांनी पाणी फेका, पुन्हा भरा. पहिलं पाणी कडक चहाच्या रंगाचं निघतं. चौथ्या वेळेला फिकट होतं. शेवटच्या भिजवणीत लिटरला ४-५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट टाकून एक दिवस ठेवा आणि मग स्वच्छ धुवा. नुसत्या पाण्यानं न सुटणारा सोडियम कॅल्शियममुळे सुटतो. ही खटपट वाटेल, पण एकदा बादलीभर करून वाळवून ठेवलं की दोन वर्षं पुरतं.

इतकं करूनही सोडण पाणी धरून ठेवतंच. ठाणे, मुंबई, कोकण, गोवा इथे फॅलेनॉप्सिससाठी नुसतं सोडण भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याला जोड कोळशाची. लोणारी कोळसा घ्या, लाकडाचा, हलका, फोडल्यावर आतल्या रेषा दिसतात तो. शेगडीसाठी मिळणारे दाबून बनवलेले गोळे घेऊ नका, त्यात पीठ आणि काय काय चिकटवलेलं असतं. "कोळसा विष शोषून घेतो" असं लोक सांगतात. त्याचा भरवसा धरू नका. कोळशाचा खरा गुण हा, की तो वर्षानुवर्षं कुजत नाही, दबत नाही, फट तशीच राखतो. मात्र खताचे क्षार त्यात साठतात, म्हणून मिश्रण बदलताना कोळसा नवा घ्यावा किंवा जुना भरपूर धुवून उन्हात टाकावा.

विटेचे तुकडे स्वस्त आणि जड. डेंड्रोबियम या उंच वाढणाऱ्या ऑर्किडची कुंडी वाऱ्यानं कलंडते तिथे तळाला विटेचं वजन कामाला येतं. पक्की भाजलेली वीट घ्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजले पाहिजेत. कच्ची वीट वर्षभरात विरघळून चिखल होतो.

पाइनची साल, म्हणजे चिडाची, जगभर सगळ्यात जास्त वापरली जाते आणि तिचं कौतुक खरं आहे: पाणी माफक धरते आणि फटी मोठ्या ठेवते. आपल्याकडे ती महाग पडते आणि बारीक चुरा मिसळलेली पाकिटंही विकली जातात. पाकिट उघडल्याबरोबर चाळा. वाटाण्याहून बारीक जे असेल ते गुलाबाच्या कुंडीत टाका, ऑर्किडच्या नाही.

भाजलेल्या मातीच्या पोकळ गोळ्या, लेका म्हणून मिळतात त्या, चांगल्या. कुजत नाहीत, धुवून पुन्हा वापरता येतात. स्फॅग्नम मॉस पुण्या-नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी, आमच्याकडे फक्त आजारी रोपांसाठी, आणि तेही सैल. कोकोपीट, गांडूळखत, शेणखत, लाल माती, पालापाचोळा यांतलं काहीही झाडावर वाढणाऱ्या ऑर्किडच्या कुंडीत घालू नये. चमचाभरही नको. ते खाली झिरपतं आणि तळाच्या फटी बंद करतं.

खडे तळाशी घालून निचरा होत नाही

हे मुद्दाम वेगळं लिहितेय कारण जवळजवळ प्रत्येक घरात हे केलेलं असतं, आमच्याकडेही होतं. तळाला दोन बोटं खडे किंवा थर्माकोल, वर बारीक ओलं मिश्रण. वाटतं की पाणी खड्यांत उतरेल. तसं होत नाही.

भांडी घासायचा चौकोनी स्पंज घ्या, पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागते. आडव्या स्पंजाच्या तळाशी जे पाणी अडलं होतं ते उंची वाढल्यावर सुटलं. बारीक मिश्रणातही असंच तळाला पाणी अडून राहतं, आणि खाली खडे असले तरी ते खड्यांत उतरत नाही, खड्यांच्या वरच्या कडेला थांबतं. म्हणजे खड्यांनी ओला थर खाली गेला नाही, उलट मुळांच्या दिशेनं वर आला. उपाय एकच. मिश्रण वरपासून तळापर्यंत एकाच, भरड आकाराचं हवं, इतकं भरड की पाणी ओतलं की क्षणात खालून निघून जाईल. पसरट कुंडीपेक्षा थोडी उभट कुंडी बरी, तीही याच कारणानं.

आकार आणि वाळण्याचे दिवस

लोक प्रमाण विचारतात. माझ्या पूर्वेकडच्या, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत फॅलेनॉप्सिससाठी दोन भाग पाइनची साल, दोन भाग कोळसा आणि एक भाग सोडण असं चालतं. तुकडे शेंगदाण्यापासून सुपारीएवढे, म्हणजे साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर. साल मिळाली नाही तर तीन भाग कोळसा, दोन भाग सोडण. पिल्लांसाठी, म्हणजे लहान रोपांसाठी, हरभऱ्या-वाटाण्याएवढे तुकडे, कारण त्यांची मुळं बारीक असतात आणि मोठ्या फटींत ती लोंबकळत सुकतात. डेंड्रोबियमला, बाजारात सोनिया म्हणून जांभळ्या फुलांचं मिळतं तसल्या, कोळसा आणि विटेचे तुकडे निम्मे-निम्मे, कुंडी लहान आणि ऊन जास्त. व्हँडा या ऑर्किडला मिश्रण नकोच. लाकडी किंवा प्लॅस्टिकची उघडी टोपली, हवं तर चार कोळशाचे मोठे तुकडे, बस्स.

पण हे प्रमाण तुमच्या घरी जसंच्या तसं चालेल याची खात्री मी देणार नाही. माझी धाकटी बहीण कोथरूडला राहते. मी तिला माझंच मिश्रण हौसेनं भरून पाठवलं आणि एप्रिलमध्ये तिच्या रोपाची पानं चामड्यासारखी झाली. मुळं कुजलेली नव्हती, कागदासारखी सुकलेली होती. मुंबई-ठाण्यात वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात ७००-८००. जुलैमध्ये आमच्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तिच्याकडे एप्रिलच्या दुपारी ती अगदी खाली येते. तिला मी आता सोडण वाढवून मिश्रणाच्या निम्मं करून दिलंय आणि वरून मॉसचा विरळ थर. परदेशात राहणाऱ्या नातलगांनाही हेच सांगते: तुमच्याकडे हिवाळ्यात घर तापवलं की हवा कोरडी पडते, तिथे आमचं कोळशाचं प्रमाण घेऊ नका.

प्रमाणापेक्षा वाळायला किती दिवस लागतात ते मोजा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. कुंडीला भरपूर पाणी घाला, तासभर निथळू द्या, वजन लिहून ठेवा. मग रोज सकाळी त्याच वेळी वजन करा. दोन दिवस लागोपाठ वजन जवळजवळ हललं नाही की मिश्रण वाळलं. काटा नसेल तर बांबूची काडी, भजी तळताना मिरच्या टोचायला घेतो तसली, कुंडीच्या मध्यापर्यंत खोचून दहा मिनिटांनी काढा आणि ओठांना लावून बघा. गार लागली तर आत ओल आहे. बोटाला न कळणारी ओल ओठाला कळते.

भर पावसाळ्यात कुंडी तीन ते पाच दिवसांत वाळत असेल तर मिश्रण बरोबर आहे. आठवडा उलटून गेला तरी ओली असेल तर ते घट्ट आहे किंवा जुनं झालंय, कोळसा वाढवा. उन्हाळ्यात एका दिवसात कोरडीठाक होत असेल तर सोडण थोडं वाढवा. हे सगळं करताना कुंडी नेहमीच्या जागीच असू द्या. पंख्याखाली नेऊन ठेवलेल्या कुंडीचं माप गॅलरीत लागू होत नाही.

दोन वर्षांनी पुन्हा तोच त्रास

काही जणांचं रोप दोन पावसाळे उत्तम निघतं आणि तिसऱ्यात बसतं. त्यांनी काही चुकीचं केलेलं नसतं. साल आणि सोडण कुजणारे पदार्थ आहेत. आपल्या उष्ण-दमट हवेत दीड-दोन वर्षांत त्यांचे तुकडे मऊ पडतात, भुगा होऊन तळाला बसतात आणि जे मिश्रण पूर्वी चार दिवसांत वाळायचं ते आता दहा दिवस ओलं राहतं. वरून बघून हे कळत नाही, वरचा थर शेवटी कुजतो. तळातला एक तुकडा काढून चिमटीत दाबा. भिजलेल्या बिस्किटासारखा दबला तर मिश्रण संपलं. यासाठीच मी कुंडीवर कायम शाईनं भरल्याचा महिना आणि वर्ष लिहिते.

कधी जुन्या सालीवर पांढरी पिठासारखी बुरशी धरते. ती मुळाला खात नाही, पण सालीवर पाणी ठरू देत नाही, पाणी नुसतं वरून घरंगळतं. मग पाणी घालूनही मुळं सुकतात. तिथे मिश्रण पूर्ण फेकून कुंडी उकळत्या पाण्यानं धुवा. कुंडीच्या कडेला पांढरी खर दिसली तर ती बुरशी नाही, क्षार आहेत. बोअरचं पाणी असेल तर हमखास. पावसाचं पाणी धरून ठेवलंत तर उत्तम, नाहीतर महिन्यातून एकदा दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा भरपूर साधं पाणी ओतून क्षार धुवून काढा. आणि मुळांची हिरवी टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री टॉर्च घेऊन बारीक गोगलगायी शोधा. त्या सोडणात लपतात.

मधल्या कोंबात पाणी साचून पानं बुंध्याशी काळी पडत असतील तर तो वेगळा आजार आहे, त्याचा मिश्रणाशी संबंध नाही. रोप थोडं तिरकं लावा म्हणजे पाणी निघून जाईल.

मिश्रण बदलताना

निरोगी रोपासाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम, फुलं उतरल्यावर, नव्या मुळांची हिरवी टोकं दिसायला लागतात तेव्हा. पावसाळ्याआधी रोप नव्या मिश्रणात रुळतं. कुजलेल्यासाठी मुहूर्त बघू नका, आजच करा.

ब्लेड किंवा कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून घ्या आणि प्रत्येक रोपाआधी पुन्हा धरा. पोकळ मुळं कापा. ज्यांची फक्त टोकं गेलीत ती चांगल्या भागापर्यंतच कापा. कापल्या जागी दालचिनीची पूड लावायची पद्धत आहे. बुंध्याच्या जखमेवर चिमूटभर ठीक, पण मुळांवर भुरभुरू नका, ती मुळं सुकवते. तांब्याचं बुरशीनाशक डेंड्रोबियमला सोसत नाही, ते टाळा. कापल्यावर रोप सावलीत, वाऱ्यावर एक दिवस तसंच उघडं ठेवा.

कुंडी लहान घ्या. उरलेली मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठ्या कुंडीत मधलं मिश्रण मुळांविना ओलं राहतं आणि पुन्हा तेच चक्र सुरू होतं. मी पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे वापरते, तापवलेल्या सळईनं तळाला आणि बाजूंनाही भोकं पाडते. मुळं हिरवी की चंदेरी ते बाहेरूनच दिसतं, त्यामुळे पाणी कधी घालायचं हे विचारावं लागत नाही. मिश्रण भरताना दाबायचं नाही, कुंडी टेबलावर हलकेच आपटत तुकडे बसवायचे. हवेत आलेली मुळं आत कोंबू नका. आणि रोप काडीला बांधा. हे बहुतेक जण सोडून देतात. रोप डुगडुगत राहिलं तर नवं मूळ फुटल्याबरोबर तुकड्यांवर घासून त्याचं टोक मोडतं आणि रोप महिनोन् महिने जागच्या जागी राहतं.

लावल्यावर तीन-चार दिवस पाणी नाही. मग सकाळी भरपूर, खालून निघेपर्यंत, आणि पुन्हा मुळं चंदेरी झाल्यावरच. खत महिनाभर नको. नंतर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा, ओल्या मुळांवर.

मुळं एकही उरली नसतील तर

पानं निदान दोन तरी टणक असतील आणि बुंधा दाबल्यावर कडक लागत असेल तर रोप टाकू नका. एका पारदर्शक डब्यात तळाला ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस पसरा, त्यावर उपडी वाटी किंवा जाळी ठेवा आणि रोप तिच्यावर, म्हणजे बुंधा मॉसला न टेकता फक्त दमट हवेत राहील. झाकण थोडं उघडं. जागा उजेडाची, पण उन्हाची नाही. पाणी, खत, औषध काही घालायचं नाही. पानं आणखी सुरकुततील, त्यानं धीर सोडू नका.

आईच्या रोपासारखंच एक पांढरं रोप गेल्या श्रावणात एका मैत्रिणीनं माझ्याकडे आणून दिलं, बिनमुळांचं, तीन पानांचं. त्याला मी असंच ठेवलं. सात आठवडे काही झालं नाही, खालचं पान पिवळं होऊन गळलं. दिवाळीच्या आधी डबा पुसताना बुंध्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका दिसला. चार दिवसांनी दुसरा. ती मुळं दोन-अडीच सेंटिमीटर झाल्यावर त्याला फुलपात्राएवढ्या कुंडीत, कोळसा आणि सालीच्या वाटाण्याएवढ्या तुकड्यांत लावलंय. आता त्याला चार मुळं आहेत आणि वरचं नवं पान माझ्या करंगळीएवढं आलंय.